बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनातील मारहाण : स्त्रीवरील हिंसेच्या सामाजिक-सांस्कृतिक मुळांच्या संदर्भात

प्रस्तावना :

स्त्रियांवरील हिंसेचा विचार आपल्याकडे बहुतांशी कायदा आणि आकडेवारी या दोन अंगांनी होत आला आहे. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम समाविष्ट झाले. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ४९८-अ मधील आशय तिच्या ८५ व ८६ या कलमांत गेला. कायद्याची ही वाटचाल महत्त्वाची आहेच. परंतु राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. याच पाहणीत एक वेगळा प्रश्नही विचारला जातो. पत्नी न सांगता घराबाहेर गेली, तिने घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केले, उलट उत्तर दिले, शरीरसंबंधास नकार दिला, स्वयंपाक नीट केला नाही, तिच्या चारित्र्याविषयी संशय आला किंवा तिने सासरच्या मंडळींचा मान राखला नाही, तर पतीने तिला मारणे योग्य ठरते काय ? देशपातळीवर ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी यांपैकी किमान एका कारणासाठी तरी मारणे योग्य मानले आहे.

मारणाऱ्याच्या आणि मार खाणारीच्या उत्तरात जवळजवळ फरक नाही, ही गोष्ट कोणत्याही कलमाच्या कक्षेत येत नाही. मारणे ‘योग्य’ कसे ठरते, ते योग्य आहे असे मार खाणारीलाही का वाटते, या प्रश्नांची उत्तरे संस्कृतीत, म्हणजेच कथा, व्रते, म्हणी, कीर्तन आणि वाङ्मय यांत शोधावी लागतात. या दृष्टीने मराठी वाङ्मयातील एक महत्त्वाचा आणि आश्चर्य वाटावे इतका स्पष्ट पुरावा म्हणजे संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदनपर अभंग. प्रस्तुत लेखात त्यांचे वाचन या एकाच प्रश्नाच्या अनुषंगाने केले आहे.

मराठवाड्यातील एक आत्मकथन :

बहिणाबाईंचा (१६२८-१७००) जन्म वेरूळच्या परिसरातील देवगाव येथला. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. अजाण बालवयातच त्यांचा विवाह शिऊरच्या गंगाधर पाठक यांच्याशी झाला. वर तिशीचा आणि बिजवर होता. पुढे भाऊबंदकीमुळे आईवडील, पती आणि बहिणाबाई यांना गाव सोडावे लागले. गोदातीराने भिक्षा मागत, पंढरपूर करून हे कुटुंब कोल्हापुरास स्थिरावले. तेथे त्यांना हरिकथा ऐकावयास मिळाली, जयरामस्वामींचे कीर्तन ऐकावयास मिळाले आणि तुकोबांचे अभंग कानी पडले. वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, शके १५६२ मध्ये, तुकोबांनी स्वप्नात अनुग्रह दिल्याचे त्या सांगतात. पुढे देहू, शिरूर असा प्रवास झाला. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आपले तेरा जन्म, त्यांत बारा मागचे आणि एक चालू, पुत्र विठोबास कथन केले, अशी या आत्मनिवेदनाची मांडणी आहे. धोंडो विनायक उमरखाने यांनी १९१४ साली ही गाथा छापून प्रसिद्ध केली आणि जस्टिन ॲबट यांनी १९२९ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला.

मराठवाड्याच्या दृष्टीने हे भौगोलिक वर्तुळ लक्षणीय आहे. हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे विसोबा खेचर त्यांना गुरू म्हणून लाभल्याची कथा आहे. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई गंगाखेडची आणि बहिणाबाई शिऊरच्या. गोदावरीच्या खोऱ्यातील या दोन स्त्रिया चार शतकांच्या अंतराने, अगदी भिन्न जातिस्थानांवरून बोलतात. जनाबाई शूद्र, दासी आणि पतीविना जगणारी आहे. दळण-कांडण, झाडलोट, शेण्या वेचणे ही तिची कामे आणि त्या कामांत हात लावणारा देव हा तिचा सखा आहे. तिच्यावर येणारे संकट बाहेरून, देवळाच्या व्यवस्थेकडून येते. देवाच्या पदकाच्या चोरीचा आळ आणि सुळावर देण्याची शिक्षा ही तिच्या चरित्रातील प्रसिद्ध आख्यायिका आहे. बहिणाबाईंवरील संकट घरातून येते. ब्राह्मण, सधवा आणि कुलवती असणे हेच त्यांच्या बाबतीत हिंसेचे कारण बनते. ज्या स्त्रीकडे ‘प्रतिष्ठा’ आहे, तिच्याच देहावर ती प्रतिष्ठा राखण्याचा पहारा बसतो, हे दोघींना शेजारी ठेवून वाचल्यास चटकन ध्यानात येते. अर्थात यावरून जनाबाईचे जिणे सुखाचे होते असा अर्थ काढणे चुकीचे होईल. दासीच्या देहावर कोणाकोणाचा हक्क चालत असे हे तिच्या अभंगांतून फारसे उघड होत नाही आणि ते मौनही वाचावे लागते.

वासरू, कीर्तन आणि मार :

आत्मनिवेदनातील मारहाणीचा प्रसंग असा. कोल्हापुरात गंगाधर पाठकांना एक गाय दान मिळाली. तिला झालेल्या कपिला वासराचा बहिणाबाईंना असा लळा लागला की ते त्यांच्या मागे मागे जाऊ लागले, कीर्तनासही येऊ लागले. जयरामस्वामींनी कीर्तनप्रसंगी वासराच्या आणि त्या मुलीच्या मस्तकावरून हात फिरविला. ही वार्ता पतीच्या कानी गेली. त्याने बहिणाबाईंना केस धरून ओढले, मारले आणि घरात बांधून ठेवले. गाय-वासराने चारापाणी सोडले. वासरू मेले. बहिणाबाई कित्येक दिवस बेशुद्ध होत्या आणि त्या अवस्थेतच त्यांना विठ्ठलाचे, पुढे तुकोबांचे दर्शन झाले.

कीर्तन-प्रवचनांच्या परंपरेत या प्रसंगातील वासरू सर्वांच्या परिचयाचे आहे. वासराचा पूर्वजन्म, त्याने पुरा केलेला श्लोक, त्याचा मृत्यू यांवर रसाळ निरूपण होते. मार मात्र त्या निरूपणात केवळ एक पायरी म्हणून येतो. भक्ताची परीक्षा म्हणून तो उल्लेखिला जातो आणि कथा पुढे सरकते. संतचरित्राचा साचाच असा आहे की, छळ करणारा हा देवाच्या योजनेतील एक पात्र ठरतो. शेवटी पती वठणीवर येतो, स्वतः तुकोबांच्या दर्शनास निघतो, म्हणून आरंभीचा मार क्षम्य ठरतो. अनेक पाठ्यपुस्तकी चरित्रेही याच रीतीने शेवटाकडून आरंभाकडे वाचतात. समीक्षेने या वाचनरीतीवर आक्षेप घेणे आवश्यक आहे, कारण आत्मनिवेदनकर्तीने स्वतः प्रसंग तसा गुंडाळलेला नाही. तिने मारण्याची रीत सांगितली आहे, बांधून ठेवल्याचे सांगितले आहे, आपले वय सांगितले आहे. साठ वर्षांनंतर, स्वतःच्या पुत्रासमोर, म्हणजे त्याच पित्याच्या मुलासमोर, ती हे सांगते आहे. मरणाच्या दारात बसलेल्या साध्वीला पतीचा कोप झाकून ठेवणे सहज शक्य होते. तिने तो झाकला नाही.

प्रसंगातील तपशिलांकडे पाहिले तर पाहणीतील ‘योग्य’ कारणांची यादी तीनशे ऐंशी वर्षे मागे जाऊन वाचल्यासारखे वाटते. मुलगी घराबाहेर गेली, चारचौघांत बसली, परपुरुषाने, मग तो स्वामी का असेना, तिच्या मस्तकाला हात लावला आणि लोक बोलू लागले. यांतील शेवटची बाब निर्णायक आहे. पतीला प्रसंग प्रत्यक्ष दिसत नाही. तो त्याच्या कानी येतो. मार हा पत्नीच्या कृतीला दिलेला प्रतिसाद असण्यापेक्षा लोकांच्या बोलण्याला दिलेला प्रतिसाद आहे. खेड्यापाड्यांत आजही ‘चार लोकांत मान खाली घालावी लागली’ या एका वाक्याने मारहाणीचे समर्थन होते. हे चार लोक कधी न्यायालयात उभे राहत नाहीत. बहिणाबाईंचे आईवडील त्याच बिऱ्हाडात होते, तरीही हे घडले, हीसुद्धा नोंद घेण्याजोगी बाब आहे. जावई कोपला असता लेकीच्या आईबापांनी काय करावे, याचे उत्तर त्या काळच्या संस्कृतीने त्यांना दिलेले नव्हते. मराठी भाषेतील क्रियापदे या संदर्भात पुरेशी बोलकी आहेत. लेक ‘दिली’ जाते. ती ‘नांदते’ किंवा ‘नांदत नाही’. पती तिला ‘नांदवतो’ किंवा ‘टाकतो’. यांतील ‘नांदणे’ एवढेच तिचे स्वतःचे, आणि ते जमले नाही तर दोषही तिचाच.

कोपाचे दुसरे कारण : जात

पहिला मार चारित्र्याच्या व लौकिकाच्या प्रश्नावरून झाला. त्यानंतरचा कोप मात्र वेगळ्या कारणाचा आहे आणि विश्लेषणाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. बहिणाबाईंना दर्शन झाल्याचे कळताच लोक त्यांना पाहावयास येऊ लागले, नमस्कार करू लागले. वेदाध्ययन करणारा ब्राह्मण पती बाजूला पडला. त्यात पत्नीने ज्याला गुरू मानले तो शूद्र, देहूचा वाणी. पतीचे म्हणणे बहिणाबाईंनी जसेच्या तसे मांडले आहे. आपण ब्राह्मण, आपला मार्ग वेदाचा. शूद्राचे कसले गुरुत्व आणि स्त्रीची कसली भक्ती. शिवाय आपल्याला कोणी विचारत नाही आणि हिच्या पाया पडतात, ही त्याची खंत. तो तीन महिन्यांच्या गर्भवती पत्नीला टाकून निघून जाण्याचे ठरवितो.

येथे मत्सर आहे, परंतु केवळ मत्सर म्हटल्याने अर्थ लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘भारतातील जाती’ या निबंधात जातीचे मूळ अंतर्विवाहात दाखविले आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या तीन रूढी अंतर्विवाह टिकविण्याची साधने आहेत असे प्रतिपादन केले. याचा अर्थ असा की, जात टिकवायची तर स्त्रीच्या देहावर ताबा असणे अनिवार्य ठरते. उमा चक्रवर्ती यांनी १९९३ मध्ये ‘ब्राह्मणी पितृसत्ता’ ही संकल्पना मांडताना याच सूत्राचा विस्तार केला. बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात हे सूत्र सिद्धान्ताच्या रूपाने नाही, अनुभवाच्या रूपाने आहे. बालवयात बिजवराशी लग्न ही पहिली कडी. घराबाहेरच्या कीर्तनावर बंदी ही दुसरी. शूद्र गुरूचा स्वीकार केल्यावर परित्यागाची धमकी ही तिसरी. देहूस गेल्यावर मंबाजी गोसाव्याने या कुटुंबाचा जो छळ केला, बहिष्काराची जी भीती घातली, ती घरातील कोपाचीच बाहेरची बाजू होय. घरात पती जे काम करीत होता, तेच गावात मंबाजी करीत होता. म्हणूनच स्त्रीवरील हिंसा हा ‘घरगुती’ प्रश्न मानून तिला जातिव्यवस्थेपासून तोडण्याची जी सवय मध्यमवर्गीय सुधारणावादी लेखनाला लागली, ती या मजकुरासमोर टिकत नाही.

बालविवाहाची कडी तर आजही तुटलेली नाही. पाचव्या फेरीच्या पाहणीनुसार २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाले, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के आणि हिंगोली जिल्ह्यात सुमारे ३७ टक्के आहे. कोरडवाहू शेती, हंगामी स्थलांतर आणि वयात आलेली मुलगी घरी एकटी ठेवण्याची भीती ही यामागची कारणे नेहमी सांगितली जातात आणि ती खरीही आहेत. पण मुलगी एकटी असणे भीतिदायक का, याचे उत्तर गरिबीत सापडत नाही. ते लौकिकाच्या त्याच कल्पनेत सापडते, जिच्यापायी कोल्हापुरात अकरा-बारा वर्षांची मुलगी बांधून ठेवली गेली.

पातिव्रत्याचे अभंग कसे वाचावेत ?

आत्मनिवेदनातील सर्वांत अवघड भाग यानंतर येतो. पती सोडून जाणार हे कळताच बहिणाबाई निर्धार करतात की पती हाच आपला देव, त्याची सेवा हाच परमार्थ. ज्या विठ्ठलाचे आणि तुकोबांचे दर्शन त्यांना झाले, त्यांतील एकाला त्या पाषाण म्हणतात आणि दुसऱ्याला स्वप्नातला. त्यांच्यासाठी प्रत्यक्ष पती का गमवावा, असा सवाल त्या स्वतःलाच करतात. पुढे पतिव्रतेच्या लक्षणांवर त्यांनी स्वतंत्र अभंगही रचले. पारंपरिक अभ्यासकांनी या अभंगांत बहिणाबाईंचा आदर्श पाहिला. प्रपंच आणि परमार्थ यांचा समन्वय साधणारी ही संत, असा त्यांचा गौरव झाला. उलट काही आधुनिक वाचकांना हे अभंग म्हणजे शरणागती वाटतात आणि ते बहिणाबाईंना बाजूला सारून मुक्ताबाई-जनाबाईंकडे वळतात. ॲन फेल्डहाउस यांनी १९८२ मधील आपल्या निबंधात पत्नी आणि संत या दोन भूमिकांमधील ताण हा बहिणाबाईंच्या लेखनाचा गाभा मानला. तिन्हींत हे शेवटचे वाचन मजकुराशी अधिक प्रामाणिक आहे. तथापि ‘ताण’ या शब्दात दोन समान ओढींचा भास होतो. येथे ओढी समान नाहीत. एका बाजूला आतली ओढ आहे आणि दुसऱ्या बाजूला मार, परित्याग, गर्भावस्था व परक्या गावातील निराधारपण आहे. त्या क्षणी पाषाण आणि स्वप्न हे शब्द उमटतात. म्हणजे पातिव्रत्याचा हा स्वीकार मारानंतरचा आहे, मारापूर्वीचा नाही. अभंगांचा क्रम जर आपण डोळ्यांसमोर ठेवला तर असे दिसते की, आदर्श आधी आणि आचरण नंतर असे येथे घडलेले नसून धाक आधी आणि आदर्श नंतर असे घडले आहे. पाहणीत ‘मारणे योग्य’ असे म्हणणाऱ्या स्त्रियांचे उत्तरही असेच वाचता येईल. ते त्यांचे मत कमी आणि त्यांनी शोधलेली जगण्याची सोय अधिक असते.

मजकूर येथेही थांबत नाही. ज्या दिवशी पती निघणार त्याच दिवशी तो आजारी पडतो. महिनाभर अंथरुणाला खिळतो. बहिणाबाई शुश्रूषा करतात आणि तुकोबांचा अव्हेर केल्याचे हे फळ असे त्याला वाटू लागते. कथनाच्या पातळीवर हा चमत्कार आहे. सामाजिक पातळीवर पाहिले तर त्यातील अभाव जाणवतो. पतीचा कोप आवरण्यासाठी घरात, जातीत, गावात कोणतीही यंत्रणा नव्हती, म्हणून देवालाच ज्वर पाठवावा लागला. ज्या मुलींच्या बाबतीत असा ज्वर आला नाही, त्यांनी अभंग रचले नाहीत; रचले असल्यास ते आपल्यापर्यंत आलेले नाहीत. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवासाचे जे असंख्य तपशील विखुरलेले आहेत ते कदाचित त्यांचेच. ओवी निनावी असते आणि निनावी असल्यामुळेच तिला अधिक बोलता येते.

याच बहिणाबाईंनी ‘वज्रसूची’ मराठीत आणली, हे मात्र पातिव्रत्याच्या चर्चेत हटकून विसरले जाते. ब्राह्मण कोणास म्हणावे, देहाला की जातीला की ज्ञानाला, असा थेट प्रश्न विचारणारा तो ग्रंथ. जन्माने ब्राह्मण्य मिळत नाही, हे त्याचे उत्तर. पतीने शूद्र गुरूवरून जो कोप केला त्याचे खंडन बहिणाबाईंनी घरात केले नाही. ते त्यांनी ग्रंथात केले. स्त्री म्हणून त्या नमल्या आणि कवयित्री म्हणून जातीच्या मूळ प्रमेयावर त्यांनी बोट ठेवले. स्त्रीजन्माला वेदाचा अधिकार नाही, पुराणे स्त्रीचा धिक्कार करतात, मग परमार्थ साधावा कसा, ही त्यांची खंतही याच स्वरातील आहे. जातीवर त्यांनी जसा युक्तिवाद केला तसा पतीच्या अधिकारावर का केला नाही, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. त्याचे एक कारण उघड आहे. जातीविरुद्ध बोलण्यासाठी त्यांच्यामागे वज्रसूची होती, तुकोबा होते, वारकऱ्यांचा मेळा होता. पतीच्या अधिकाराविरुद्ध बोलण्यासाठी मागे कोणताच ग्रंथ नव्हता. वारकरी परंपरेने स्त्रीला देवाच्या दारात उभे केले. घरातील तिचे स्थान परंपरेने जसे होते तसेच ठेवले. परंपरेच्या थोरवीस बाधा न आणता ही मर्यादा नोंदविता येते.

तो ग्रंथ १८८२ साली आला :

हा ग्रंथ म्हणजे ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’. बुलढाण्याच्या या मराठा स्त्रीने पुण्यातून तो छापून घेतला. निमित्त होते सुरतच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेच्या खटल्याचे. नवजात अर्भकाच्या हत्येवरून १८८१ मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली आणि वृत्तपत्रांतून एकूण स्त्रीजातीच्या दुर्वर्तनावर शेरेबाजी झाली. ताराबाईंनी त्या विधवेची कैफियत मांडून न थांबता तिला त्या अवस्थेत लोटणाऱ्या पुरुषांना आणि धर्मशास्त्रांना जाब विचारला. पती देव असेल तर त्याने देवासारखे वागावे, पुरुष देवासारखा वागत नसेल तर स्त्रीनेच का देवासारखे पुजावे, हा त्यांचा युक्तिवाद. बहिणाबाईंच्या अभंगांतील नेमक्या त्याच सूत्राला येथे प्रथम हात घातला गेला. पुराणातील पतिव्रतांच्या कथाही ताराबाईंनी उलटतपासणीला घेतल्या. भाषा तिखट, घरगुती, अनेकदा शिव्याशापांच्या काठावर जाणारी आहे. प्रबंधाची शिस्त तीत नाही. परंतु कथेच्या शेवटाकडून नव्हे तर बाईच्या वाट्याला आलेल्या प्रसंगाकडून वाचण्याची रीत मराठीत प्रथम या पुस्तकाने दाखविली.

त्याचे पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. पुस्तकाची टवाळी झाली. सत्यशोधक वर्तुळातील पुरुषही त्यात मागे नव्हते, म्हणून जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुनर्मुद्रण करेपर्यंत, म्हणजे ९३ वर्षे, ‘स्त्री-पुरुष तुलना’ मराठी वाचकांच्या आणि प्राध्यापकांच्याही माहितीबाहेर होते. बहिणाबाईंची गाथा दरम्यान छापली गेली, अनुवादिली गेली, तिच्यावर प्रवचने झाली. एका मजकुरात मार होता पण जाब नव्हता, आणि तो टिकला. दुसऱ्यात जाब होता, आणि तो हरवला. मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे वाङ्मयाचे दोन स्वतंत्र कप्पे करून शिकविण्याच्या आपल्या पद्धतीत ही दोन पुस्तके सहसा एकाच तासाला समोर येत नाहीत. गाथेचा तास संपतो तो पती तुकोबांच्या दर्शनास निघतो तेथे, आणि बांधून ठेवलेल्या मुलीविषयी वर्गातील अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनींनी, ज्यांतील काहींची लग्ने ठरलेली असतात, काही विचारले तर त्याचे उत्तर मार्गदर्शकांत दिलेले नसते.